ज्योतीरामची बारी

बसणाऱ्याच्या मापानं सायकल लावून देताना आधी त्याचं वजन विचारतात, हे मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी कळलं. बैल घेताना दात बघतात, सोयरीक करताना जमीन बघतात, पण चारचौघांत माणसाला वजन विचारायची रीत आमच्या मोहोरवाडीत नव्हती. ती ज्योतीरामनं आणली. त्यापायी एकाची मांडी मोडली, एकाला जन्माचं टोपणनाव चिकटलं आणि मला, ज्यानं उभ्या आयुष्यात तोंड मिटलं नाही त्याला, परवा घसा बसल्याचं सोंग करावं लागलं. सांगतो.

ज्योतीराम तांबारे आमच्या चाळीत तिसऱ्या खोलीत राहतो. चाळ म्हणजे आमचा जुना गोठाच. चाकणला कंपन्या आल्या तसे बैल गेले, माणसं आली, मी गोठ्याला आठ दारं पाडली. ‘दावणी त्याच, जनावर बदललं,’ असं मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा सोजराबाई, म्हणजे आमची मंडळी, डोळे वटारते. पाहुणे हसतात मात्र.

हा आला भूमकडून, अठरा वर्षं झाली. आधी भोसरीला पत्रा दाबायच्या एका प्रेसवर होता. तिथं डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी विचारलं होतं, “कंपनीनं काय दिलं रं?”

“दवाखान्याचा खर्च दिला आबा. आन एक डबा. स्टीलचा, चार कप्प्यांचा.”

“दोन बोटं गेली आन कप्पे चार मिळाले! फायद्यात हायेस की!”

तो हसला. माझ्या विनोदाला तो कायम हसायचा, म्हणून तर मला तो आवडायचा.

पुढं तो चाकणला मोटारसायकलींची शॉकअप बनवणाऱ्या कंपनीत लागला, ठेकेदाराकडून. त्याचं काम तपासणीचं. शॉकअप दाबलं की आत तेल कसं पळतं ते ह्याला कानानं कळायचं. मशिन म्हणे पास, हा म्हणे नापास. उघडून बघितलं की हाच खरा निघे. मग साहेब ह्याला शाबासकी देत नसे, मशिन दुरुस्त करून घेई.

आता घाटाचं सांगायला हवं. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची धाव. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत आमचा घाट ओस पडला, आणि जमिनी विकून मोकळे झालेल्यांच्या पोरांनी देवळामागच्या टेकडीवरून सायकली सोडायला सुरुवात केली. बैल खालून वर पळायचे, ही वरून खाली. बंदी उठली, बैल आले, पण सायकली काही गेल्या नाहीत. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सायकलींच्या बाऱ्या असतात. बारी म्हणजे एकाची एक धाव. घड्याळ लावायचं, ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो त्या सालचा घाटाचा राजा. त्याचं नाव घाटाच्या फळ्यावर रंगवतात.

नियम मात्र बैलगाड्याचाच ठेवला. माइकवर नाव पुकारायचं ते मालकाचं, कमिटीकडून चिठ्ठीवर लिहून येईल ते. वर कोण बसलाय, जीव कुणाचा टांगणीला लागलाय, हे पुकारायची चाल नाही. चाळीस वर्षं तो माइक माझ्या हातात आहे. एकदा पावसात त्या माइकनं मला असा झटका दिला होता की मी चिखलात उताणा पडलो, पण पडल्या पडल्या मालकाचं नाव पुरं केलं. मग मूर्च्छा आली. जुनी माणसं अजून सांगतात.

ह्या सायकली साध्या नव्हेत. पुढच्या काट्यात एक शॉकअप, मागं सांगाड्याच्या पोटात एक, आणि दोन्हींत हवा भरलेली. हवा कमी पडली तर सायकल बुडते, जास्त झाली तर खडकावरून चेंडूसारखी उडते. शिवाय लाल खटका असतो, दबलेलं शॉकअप किती वेगानं परत यावं त्याचा. गावात लाखालाखाच्या सायकली आल्या, पण खटका कुणाला कळेना. त्या सगळ्या ज्योतीरामनं लावून दिल्या. रविवारी माझ्या अंगणात रांग लागायची. यात्रेला त्यानं लावलेल्या सायकली पळायच्या, मी मालकांची नावं पुकारायचो, आणि हा हातात पंप धरून कडेला उभा राहायचा. ओठ हलताना दिसायचे त्याचे. मी काय बोलणार ते आधीच म्हणायचा.

शेवटी त्यानं स्वतःची सायकल बांधली. चार वर्षं लागली. सांगाडा वाकडच्या एका आयटीवाल्यानं टाकून दिलेला. पुढचा काटा कुदळवाडीच्या भंगारात मिळाला, आतली सीलं त्यानं स्वतः बसवली. मागच्या शॉकअपची बुशं भोसरीच्या एका लेथवाल्याकडून कातून आणली, तीनदा, कारण दोनदा केसभर ढिली झाली. खांदे अरुंद म्हणून हँडल दोन्हीकडून इंच इंच कापलं. डाव्या ब्रेकची दांडी कानशीनं घासून अशी वाकवली की उरलेल्या बोटांत बसावी. दुसऱ्या कुणाला ती धरताच यायची नाही. चड्डी-शर्ट, बूट, टोपी घालून तो बायकोच्या धुण्याच्या दगडाशेजारी सायकलवर बसे, उतरे, पंप मारे, पुन्हा बसे. रुपाली, त्याची बायको, कामगारांचे डबे करते. पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “आबा, संसारात एवढं हादरं बसायलेत, तिथं बसवा म्हनाव एखादं शॉकअप!”

“एकदाच नाव ऐकायचंय आबा,” तो मला म्हणाला. “तुमच्या तोंडून. माइकवर. मालक ज्योतीराम तांबारे, भूम.”

“भूम कशाला? मोहोरवाडी म्हन की.”

त्यानं खाली बघितलं. पान्हा फडक्यानं पुसला. पुसलेलाच होता तो. मग हळूच म्हणाला, “मोहोरवाडी म्हनलं तर चालंल?”

अठरा वर्षं राहून हा प्रश्न. मी म्हणालो, “माइक माझा हाय. चालंल.”

आता वजनाकडे येतो. गेल्या वर्षी यात्रेच्या दोन महिने आधी जयदीप आला. जयदीप म्हणजे दौलतरावांचा मुलगा, आणि दौलतराव म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष, माझ्या चुलतभावाचा मुलगा. जयदीपची सायकल परदेशी, काळी कुळकुळीत, आणि जयदीप तिच्यावर बसला की दोघांपैकी कुणाची दया यावी ते कळत नसे. अंगणात दहा-बारा जण होते.

ज्योतीरामनं विचारलं, “वजन किती मालक?”

“तुला रं कशाला?”

“वजनावर हवा ठरती. जितकं किलो, तितकाच पंपाच्या काट्यावर आकडा.”

जयदीपनं इकडं तिकडं बघितलं. “ऐंशी.”

ज्योतीरामनं ऐंशीची हवा भरली. शॉकअपच्या दांड्यावर रबराची एक बारीक रिंग असते, ती मुळाशी सरकवली. “आता नुसतं बसा. उडी मारू नका. उतरा अलगद.” माणूस बसला की शॉकअप दबतं आणि रिंगेला पुढं ढकलतं. उतरल्यावर ती जिथं राहिली, तितकी सायकल दबली. चौथा हिस्सा दबली तर बरोबर. जयदीप उतरला तेव्हा रिंग दांड्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली होती.

“मालक, ऐंशीला रिंग हितं पायजे. ही तिकडं गेली.”

“रिंग खराब असंल.”

“रबराची हाय मालक. तिला खोटं बोलता येत न्हाई.”

ज्योतीराम तसा चेष्टा करणारा माणूस नव्हे. कंपनीत मशिनला नापास म्हणायचा त्याच सुरात त्यानं हे सांगितलं. वर समजावलं, “ऐंशीची हवा ठेवली तर देवळामागच्या दगडी टप्प्यावरनं खाली आला की शॉकअप तळाला आपटंल आन हँडलावरनं तुमाला पुढं फेकून देईल. दात गोळा करायची पाळी यील.” मग थोडी थोडी हवा वाढवत त्यानं जयदीपला आणखी चार वेळा बसवलं, उतरवलं. पाचव्या वेळी रिंग जागेवर आली. पंपाचा काटा बघून तो मोठ्यानं म्हणाला, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं, “एकशे चार.”

सगळ्यांनी जयदीपकडं बघितलं. आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, “जयदीपा, गळ्यातलं चोवीस किलो सोनं धरलं न्हाईस व्हय रं वजनात!”

काय हसले लोक! एकाच्या नाकातून चहा आला. रुपाली पोळपाट टाकून आत पळाली. मी तर खाटेवरून घसरलो. ज्योतीराम हसला नाही, तो सांगत होता, “आन मालक, ब्रेकच्या चकतीला हात लावू नका. बोटाला तेल असलं तरी पकड जाती. मग कितीबी दाबा, थांबत न्हाई.” जयदीप ऐकत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ऐकत होता नीट.

त्या दिवसापासून जयदीपचं नाव एकशेचार. मीच ठेवलं. क्रिकेटच्या सामन्यात माइकवरून म्हणालो, “मैदानात उतरतायत एकशेचार, खेळपट्टीनं सांभाळून घ्यावं!” साखरपुड्यात मुलीकडच्या एका पोरानं त्याला विचारलं, “दाजी, एकशेचार म्हणजे काय, गाडीचा नंबर?” तो साखरपुडा पुढं मोडला. एकशेचारमुळंच मोडला असं मी म्हणत नाही, पण गाव म्हणतं.

आता राग कुणावर काढायचा? मी गावचा, भावकीतला, त्याच्या आजाच्या पंगतीला बसलेला. माझ्या अंगावर येणार कसा? भूमवाला होता की.

यात्रेच्या आदल्या दिवशी दौलतराव स्वतः चाळीत आले. “ज्योतीराम, अठरा वर्सं गावाचं पानी पितोस. औंदा पयली बारी तुजी. मानाचं तेल मी घालनार.” मागून जयदीप म्हणाला, “आन चिठ्ठी मी लिवतो भावा. तुला कशाला तरास?” भावा म्हणाला! ज्योतीराम दोघांच्या पाया पडायला वाकला. मला तेव्हाच जरा खटकलं होतं. पण रुपालीनं शिरा केला होता, आणि गरम शिऱ्यापुढं माझी अक्कल चालत नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर ही गर्दी. ज्योतीराम इस्त्रीच्या शर्टात. सगळी चाळ आलेली. मी बिनतारी माइक घेऊन त्याच्याशेजारी.

मानाच्या पहिल्या गाड्याच्या चाकाला तेल घालायची आमच्याकडं जुनी चाल आहे. बैलगाडीच्या कण्याला तेल लागतंच, त्याचाच पुढं मान झाला. सायकलला टायरवर बोटानं टिपका लावतात, झालं. दौलतरावांनी बोट बुडवलं, टिपका लावला. तांब्या जयदीपच्या हातात होता.

“टिपक्यानं काय हुतंय बाबा? अठरा वर्सांचा मान हाय!” असं म्हणून त्यानं अख्खा तांब्या मागच्या ब्रेकच्या चकतीवर ओतला. घळाघळा नव्हे, बारीक धारेनं, चाक हातानं फिरवत, चकतीची एक बाजू सुटू नये म्हणून. मग पुढच्या चकतीवर. वर दोन मुठी भंडारा. तेलात हळद बसून पिवळा चिखल झाला. लोकांनी येळकोट केला, वाजंत्री सुरू झाली.

अंगणातला धडा मी ऐकला होता. ज्योतीरामनं तर दिलाच होता. त्याच्या तोंडावरचा रंग गेला. मी माइकवर हात ठेवून कानात म्हणालो, “पूस की रं.”

“मानाचं तेल पुसू आबा? गावासमोर?”

“मंग जाऊ नगंस.”

“मंग परत कवा?”

माइक माझ्या हातात होता. मी दोन शब्द बोललो असतो तर बारी थांबली असती. पण बारी थांबली की लोक शिट्ट्या मारतात, माझ्या चाळीस वर्षांत एकही बारी थांबली नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, पुढं काय होतं ते मलाही बघायचं होतं.

“मोहोरवाडी म्हना,” तो म्हणाला, आणि निशाण पडलं.

तो सुटल्यावर चिठ्ठी माझ्या हातात आली. जयदीपचं अक्षर. मालक: दौलतराव. एवढंच. मी वर बघितलं, दौलतराव समोर उभे, फेट्याचा तुरा नीट करत. माइक चालू होता. मी पुकारलं, “घाटाचा पहिला मान! मालक दौलतराव, मोहोरवाडी!” मोहोरवाडी मात्र मी मोठ्यानं म्हणालो.

खाली तो दगडी टप्प्यावर आला. त्यानं लावलेली सायकल काय सांगू तुम्हाला! टप्प्यावरून मांजरासारखी उतरली. शॉकअप दबलं, उठलं, जागेवर. बोरीच्या वळणावर बाकीचे सगळे ब्रेक लावतात, चकत्या किंचाळतात. ह्याच्या चकतीचा आवाजच आला नाही. डाव्या हाताची दांडी मुठीपर्यंत ओढलेली मला वरून दिसली. पाय टाकून, आडवा होऊन, कसा वळला देव जाणे. लोकांना वाटलं हिंमत. शिट्ट्या, फेटे उडाले. घाटातून तो गोळीसारखा गेला, शेवटची दोरी तोडली आणि पुढं जातच राहिला. पुढं रसवंती होती. उसाच्या मोळ्या, मग लोखंडी चरक. चरकाच्या घुंगरांचा आवाज मला वरपर्यंत आला.

एक्केचाळीस सेकंद. त्याआधीचा विक्रम बावन्नचा होता. ब्रेक नसला की माणूस काय वेगानं जातो!

चाकणच्या दवाखान्यात त्याच्या मांडीत सळई घातली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न मला. “आबा, वाऱ्यात ऐकू आलं न्हाई. घेतलं ना नाव?”

“घेतलं की.”

“मोहोरवाडी म्हनला?”

“खणखणीत.”

तो झोपला. रुपाली भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिनं ऐकलं होतं माइकवर काय आलं ते. त्या दिवसापासून माझ्याशी ती बोलतच नाही. चहा देते, पण कप खाली ठेवते, हातात देत नाही.

तीन महिन्यांनी तो उठला. हाताची दोन बोटं आधीच गेली होती, आता पाय दोन बोटं आखूड झाला. ठेकेदारानं सांगितलं, लाइनवर आठ तास उभं राहता येत नसेल तर येऊ नको. ज्या दिवशी त्यानं हे सांगितलं त्याच दिवशी हा लंगडत घाटावर गेला. फळ्यावर रंगवलंय: घाटाचा राजा, मालक दौलतराव, एक्केचाळीस सेकंद. सायकल जयदीपच्या प्लॉटिंगच्या ऑफिसात भिंतीवर टांगली आहे, पुढचं चाक वाकडं तसंच, हार घालून. दुरुस्तीला म्हणून नेली होती. ज्योतीरामनं फळ्यावरच्या अक्षरांवर अंगठा घासून बघितला म्हणे. परत आला, माझ्या खाटेजवळ थांबला. मला वाटलं आता हा शिव्या देतो. मी एक विनोदही तयार ठेवला होता.

“आबा,” तो म्हणाला, “रंग चांगला वापरलाय. पावसात जायचा न्हाई.”



तेव्हापासून तो खोलीपुढं स्टुलावर बसून सायकली लावून देतो. पूर्वीपेक्षा चांगल्या लावतो, पोरं सांगतात. हसत मात्र नाही. मी नवे किस्से काढले, जुने काढले, झटक्याचासुद्धा सांगितला. नाही हसत.

आणि परवाच्या रविवारी जयदीप आला. यात्रा तोंडावर. नवं हेल्मेट, छातीला ढालीसारखं काहीतरी, आणि वर्षभरात माणूस आणखी भरलेला. एकशेचार हे नाव आता त्याला कौतुकाचं ठरावं. “एक्केचाळीस मोडायचंय भावा,” म्हणाला. “आन औंदा नाव माजं लागनार, बाबांचं न्हाई. पयली बारी माजीच हाय. मस्त लावून दे.”

ज्योतीरामनं पंप उचलला. अंगणात पुन्हा दहा-बारा जण. मी खाटेवर.

“वजन किती मालक?”

जयदीपनं आधी माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं. मग तो छाती काढून म्हणाला, “ऐंशी.”

ज्योतीरामनं मान वर केली नाही. “ऐंशी तर ऐंशी,” म्हणाला, आणि पंप मारू लागला. काट्याकडं नीट बघत, हळूहळू, एकेक दाब मोजून. ऐंशीवर थांबला. मग खिशातून ब्लेड काढलं आणि शॉकअपच्या दांड्यावरची ती रबराची रिंग अलगद कापून टाकली.

“जुनी झालीया मालक. उगं आडवी येती.”

“बेस केलंस,” जयदीप म्हणाला आणि ढालीवर हात मारत सायकल घेऊन गेला.

रुपालीनं त्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात दिला. सोजराबाई मला म्हणाली, “आज तोंडाला कुलूप? एकशेचार दारात येऊन गेला आन तुमी गप?”

“घसा बसलाय,” मी म्हणालो.

यात्रा उद्या. पहिल्या बारीची चिठ्ठी आत्ताच आली: मालक जयदीप, मोहोरवाडी. नाव खणखणीत घेणार आहे मी. माइक चार्जिंगला लावलाय.